गालिच्यावरील जळका डाग : काही रूढ समजुती

पेण तालुक्यातील हमरापूर-जोहे परिसरातील कारखान्यांतून घडलेल्या गणेशमूर्ती गावोगाव पोहोचल्या, की भाद्रपदात घरोघरी निरांजने, उदबत्त्या आणि कापूर यांची वर्दळ सुरू होते. पुढे दसरा आटोपला, की रोह्याचे ग्रामदैवत धावीरमहाराज पोलिसांची मानवंदना स्वीकारून पालखीतून गावभर फिरतात आणि दारोदार आरत्या होतात. आणि पाहुण्यांसाठी मुद्दाम अंथरलेल्या गालिच्याला ठिणगीचा चटका बसण्याचा संभव नेमका याच दिवसांत अधिक असतो. चटका बसताच घरातील प्रत्येक वडीलधारा इसम एकेक उपाय सुचवू लागतो, आणि त्या उपायांच्या भडिमारात मूळच्या डागापेक्षा अधिक नुकसान पदरी पडते.

या साऱ्या उपायांच्या मुळाशी एकच भ्रांत समजूत आहे, ती अशी की जळका डाग हा चहाच्या किंवा हळदीच्या डागाप्रमाणे धुऊन निघणारा पदार्थ आहे. वस्तुतः हळद ही तंतूवर बाहेरून येऊन बसलेली असते, तर जळलेल्या जागी तंतूचेच रूपांतर कोळशात झालेले असते. आणि कोळसा लिंबाच्या रसात, सोड्यात किंवा साबणाच्या पाण्यात विरघळत नाही. धुण्याने भोवतालची काजळी व वास कमी होतो, एवढे कबूल. परंतु नाहीसा झालेला तंतू परत येत नाही. याहून घातक म्हणजे पांढऱ्या कपड्यांसाठी आणलेले ब्लीच गालिच्यावर ओतणे, कारण त्यातील सोडियम हायपोक्लोराइट लोकरीला केवळ फिके करीत नाही, तर अक्षरशः विरघळवून टाकते.

दुसरी समजूत, सर्व गालिचे सारखेच जळतात ही. येथे थोडे थांबून विचार करणे जरूर आहे, कारण दुरुस्तीची सारी तजवीज तंतूच्या जातीवर अवलंबून असते. लोकर लवकर पेटते असे सरसकट मानले जाते. प्रत्यक्षात लोकरीत नत्राचे प्रमाण मोठे असून ती हवेतील ओलावाही भरपूर धरून ठेवते, त्यामुळे ती पेटण्यास सुमारे 570 ते 600 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ज्योत दूर होताच ती बहुधा आपोआप विझते. मागे राहतो तो ठिसूळ काळा थर, जो चिमटीत चुरडता येतो. याउलट बाजारातील पुष्कळसे यंत्रनिर्मित गालिचे पॉलिप्रॉपिलिनचे असतात, आणि ते साधारण 165 अंशांनाच वितळते. नायलॉन त्याच्या प्रकारानुसार 220 ते 260 अंशांच्या दरम्यान वितळते. उदबत्तीच्या निखाऱ्यापुढे या दोहोंचा टिकाव लागत नाही, आणि वितळलेला भाग थंड होऊन काचेसारखी कडक गाठ बनते. आपला गालिचा कोणत्या जातीचा हे कळत नसेल, तर कोपऱ्यातील एकच धागा चिमट्याने धरून स्टीलच्या ताटावर जाळून पाहावा : केस जळल्याचा वास आला तर लोकर, कागद जळल्यासारखा वास व मऊ राख राहिली तर कापूस किंवा ताग, आणि टणक मणी झाला तर कृत्रिम धागा. वितळलेला थेंब बोटावर पडू देऊ नये.

ओले फडके घालून इस्त्री फिरवावी, हाही एक प्रचलित सल्ला आहे. कपाटाच्या पायाखाली दबलेली लव वाफेने उभी राहते, हे खरे. जळलेल्या लवेला मात्र वाफेचा काडीइतकाही उपयोग नाही, आणि कृत्रिम गालिच्यावर तापलेली इस्त्री म्हणजे दुसऱ्या डागाला आमंत्रण होय.

मग करावे काय? चटका केवळ टोकांना लागला असेल तर नखे कापायच्या लहान वक्र कात्रीने काळी टोके हलकेच छाटावी; लव थोडी आखूड झाली तरी डोळ्यांना जाणवत नाही. डाग मुळापर्यंत गेला असेल, तर पलंगाखालील अथवा काठाच्या आतील अदृश्य जागेतून थोडी लव कातरून घ्यावी आणि डिंकाच्या नव्हे, तर लॅटेक्सच्या लवचिक चिकटद्रव्याने ती मोकळ्या जागी उभी बसवावी. त्याहून मोठ्या डागासाठी ठिगळ लावावे लागते : जळका तुकडा चौकोनी कापून, त्याच मापाचा तुकडा लवेचा कल जुळवून बसवावा आणि वर वरवंट्यासारखे वजन ठेवावे. कल उलटा पडला तर रंग तोच असूनही ठिगळ उजेडात वेगळे दिसते. घरी केलेली बहुतेक कामे याच एका चुकीने बिघडतात.

भोक पडले की गालिचा टाकूनच द्यावा, असे म्हणणाऱ्यांनी हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची पाठ एकदा उलटून पाहावी. पुण्याच्या येरवडा तुरुंगात बंदिवानांकडून विणले गेलेले गालिचे याच जातीचे. त्यांत प्रत्येक गाठ स्वतंत्र असल्यामुळे निष्णात रफूगार नवा ताणा घालून जळलेल्या जागी गाठी पुन्हा मारू शकतो, आणि ते काम कित्येकदा बेमालूम होते. मजुरी मात्र जबर पडते, सबब किमती गालिच्यालाच ती शोभते. सतरंजीला लवच नसते, त्यामुळे तिला साधे रफू पुरे. आणि कृत्रिम गालिच्यासाठी रफूगाराकडे धाव घेण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट कोकणाच्या हवेची. भाद्रपदात पाऊस सरलेला नसतो, हवेत दमटपणा भरलेला असतो, चिकटद्रव्य लवकर वाळत नाही आणि ठिगळाखाली ओल राहून बुरशी धरते. गणपतीत चटका बसला असल्यास तूर्त जळकी सुटी लव तेवढी कातरून ठेवावी, आणि ठिगळाचे काम दसऱ्यानंतर, ऊन स्थिर झाल्यावर हाती घ्यावे.