दूरध्वनीवरील पहिली ओळख : पवई परिसरातील नोकरीइच्छुक विद्यार्थी आणि सौजन्याची भाषा

बीजसंज्ञा : दूरध्वनी-शिष्टाचार, पहिले मत, आदरार्थी रूपे, बहुभाषिकता, रोजगार.

प्रस्तावना

पवईत नोकरीच्या दोन वाटा शेजारी शेजारी दिसतात. १९५८ साली स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, तसेच २०२३ मध्ये ‘आयआयएम मुंबई’ हे नाव मिळालेल्या पूर्वीच्या ‘नीटी’त, कंपन्या स्वतः विद्यार्थ्यांकडे येतात. फिल्टरपाडा, मिलिंदनगर अशा वस्त्यांत राहून बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या विद्यार्थ्याकडे मात्र कंपनी येत नाही. येतो तो फोन. हिरानंदानी संकुल, चांदिवली किंवा साकी विहार मार्गावरील एखाद्या कार्यालयातून आलेला, अनोळखी क्रमांकाचा, दोन-तीन मिनिटांचा. मुलाखतीस बोलवावे की नाही, हे पुष्कळदा त्या संभाषणातच ठरून जाते.

या संभाषणात उमेदवाराचा जो उद्धटपणा जाणवतो, तो बऱ्याच वेळा उद्धटपणा नसतो. एका भाषेतील सौजन्य दुसऱ्या भाषेत नेताना झालेली ती पडझड असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यामुळे ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाखाली स्मितहास्य आणि आत्मविश्वास यांवर दिलेली व्याख्याने या प्रश्नाला फारशी भिडत नाहीत.

एका शब्दाचे वजन

ग्लासगो विद्यापीठातील फिल मॅकअलीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना ६४ व्यक्तींच्या तोंडचा केवळ ‘हॅलो’ हा शब्द ऐकविला. अर्ध्या सेकंदाहून कमी काळाच्या त्या आवाजावरून बोलणारी व्यक्ती कितपत विश्वासार्ह वाटते, याविषयी ३२० श्रोत्यांच्या मतांत लक्षणीय एकवाक्यता आढळली. ही एकवाक्यता मतांची होती; ती मते खरी होती असा याचा अर्थ नव्हे. हा भेद निवड करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात राहत नाही.

भारतीय संदर्भात दिल्ली परिसरातील अर्जांवर आधारलेला अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड, सौगतो दत्ता व सेंधिल मुल्लैनाथन यांचा २००९ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. संगणक-प्रणालीच्या नोकऱ्यांत जातिसूचक आडनावांमुळे प्रतिसादात फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र उच्चवर्णीय आणि इतर मागासवर्गीय नावांच्या प्रतिसादांत ठळक तफावत दिसली. जेथे कौशल्य मोजता येते तेथे आडनाव मागे पडते, आणि जेथे ‘बोलण्याची ढब’ हीच पात्रता ठरते तेथे पूर्वग्रहाला जागा मिळते, असा याचा एक अर्थ लावता येतो. फोनवरील पहिले मत नेमके या दुसऱ्या प्रकारात मोडते.

सौजन्याचे भाषांतर

मराठी घरात फोन उचलून ‘हां, बोला’ म्हणणे हा अनादर नव्हे. ‘बोला’ हे आदरार्थी रूप आहे. समोरच्याला मोकळीक देण्याचा भाव त्यात आहे. तेच इंग्रजीत ‘येस, टेल’ झाले की आदर मागे राहतो. इंग्रजी क्रियापदाला आदरार्थी रूप नाही. तेथे आदर ‘प्लीज’, ‘मे आय’, ‘कुड यू’ अशा शब्दांवर लादून न्यावा लागतो. ‘कोण बोलतंय?’ या साध्या चौकशीचे ‘हू इज दिस?’ होते, तेव्हाही हेच घडते.

हिंदीत हा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. मराठीत ‘तुम्ही’ म्हटले की आदर पूर्ण होतो. ‘आपण’ची गरज समारंभापुरतीच. मुंबईच्या बोलीहिंदीत त्या ‘तुम्ही’च्या जागी सहजपणे ‘तुम’ येते. ‘सर, तुम कब फोन करोगे?’ असे विचारणारा विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांना ‘सर, तुम्ही कधी याल?’ विचारताना जेवढा नम्र असतो तेवढाच नम्र असतो. लखनौ किंवा दिल्लीत वाढलेल्या मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या कानाला मात्र ती बरोबरीची सलगी वाटते. दोघांपैकी कोणीही चुकलेले नसते, तरी अर्ज बाजूला पडतो.

संभाषणाच्या शेवटीही असेच होते. मराठी माणूस ‘ठेवू का?’ असे विचारून निरोप घेतो. याला समांतर इंग्रजी वाक्य चटकन सुचत नाही. मग ‘ओके, ओके’ म्हणत फोन तुटतो आणि आभाराचा शब्द राहून जातो.

खोली आणि अनोळखी क्रमांक

शिष्टाचाराच्या पुस्तकांत ‘शांत जागी बसून बोलावे’ असे लिहिलेले असते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे आणि दूरदर्शन संच असताना, किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरील बसमध्ये उभे असताना, ती जागा कोठून आणावी हे त्यांत लिहिलेले नसते. अशा वेळी ‘मी प्रवासात आहे, अर्ध्या तासाने मीच फोन केला तर चालेल का?’ हे वाक्य गोंगाटात रेटलेल्या उत्तरांपेक्षा अधिक उपयोगी पडते. ते तिन्ही भाषांत तोंडात बसलेले असले पाहिजे.

मिस्ड कॉलची सवयही येथे नडते. भारतात २००३ पर्यंत मोबाइलवर आलेला फोन घेणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. त्या काळच्या काटकसरीतून रुजलेला हा संकेत कंपनीला मात्र बेफिकिरीचा वाटतो. दुसरीकडे, जाहिरातींच्या भडिमारामुळे अनोळखी क्रमांक न उचलणे हाच शहाणपणा ठरला आहे. नियमाप्रमाणे प्रचारात्मक कॉल १४० या मालिकेतून यावयाचे असतात. नोकरीचा फोन बहुधा साध्या दहा अंकी क्रमांकावरूनच येतो. अर्ज केल्यानंतरचे काही दिवस तरी तो उचलणे भाग आहे. नियुक्तीआधी ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्याला मात्र कंपनीचे नाव व पत्ता विचारून तेथेच थांबावे.

महाविद्यालयीन पातळीवर

भाषा विभागांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे. एकच संभाषण मराठी, हिंदी व इंग्रजीत प्रत्यक्ष फोनवरून करून घ्यावे, ध्वनिमुद्रित करावे आणि विद्यार्थ्यांनाच ऐकवावे. ‘तुम’ आणि ‘आप’ यांतील अंतर व्याकरणाच्या तासापेक्षा स्वतःच्या आवाजात लवकर कळते. रोजगार कक्षाने दुपारी रिकामी असणारी एखादी वर्गखोली ठरलेल्या वेळेच्या मुलाखतींसाठी द्यावी. परिसरातील कार्यालयांनाही एक विनंतीपत्र पाठवावे : पहिल्या फोनपूर्वी कंपनीचे नाव आणि फोनची वेळ कळविणारा दोन ओळींचा लघुसंदेश उमेदवारास मिळावा.