पाखरांची मोजून छापलेली चित्रे

तुमच्या घरात भिंतीवर एखादी तसबीर असेल. लक्ष्मीची असेल, नाही तर सरस्वतीची. ती कोणी तुमच्या घरी येऊन हाताने रंगवलेली नाही. ती छापलेली आहे. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. दगडावर चित्र उतरवायचे आणि त्यावरून कागदावर छापायचे, असे ते काम होते. जितकी गिऱ्हाइके, तितक्या प्रती. म्हणून गरिबाच्या घरीही देवाची तसबीर आली. हे फार चांगले झाले.

पण छापील चित्रांची दुसरीही एक जात आहे. ती चित्रे मोजून छापतात. पन्नास ठरवली तर पन्नासच. एक्कावन्नावी प्रत काढायची नाही. तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा? गिऱ्हाईक दारात उभे असताना छापणे का थांबवायचे? आम्हालाही आधी तसेच वाटले होते. त्याचे कारण या पाठात सांगतो.

तांब्याचा पत्रा

रांगोळीचा ठसा तुम्ही पाहिला आहे. पोस्टातला शिक्काही पाहिला आहे. चित्राचाही असाच ठसा करतात. जुन्या काळी त्यासाठी तांब्याचा पत्रा घेत. पत्रा घासून गुळगुळीत करायचा. त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. मग अणकुचीदार सुईने मेणावर चित्र कोरायचे. कोरलेल्या जागी तांबे उघडे पडते. पत्र्यावर तेजाब ओतले की ते उघडे तांबे तेवढे खाते. मेणाखालचे तांबे शाबूत राहते. अशा बारीक चरा पडल्या की मेण काढून टाकायचे.

आता चरांत शाई भरायची आणि वरची शाई पुसून घ्यायची. ओलसर कागद पत्र्यावर ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा. उसाच्या चरकासारखेच समजा. चरांतली शाई कागदावर उठते. चित्र तयार!

पण तांबे मऊ असते. दर दाबाला पत्रा थोडा झिजतो. पहिल्या प्रती ठसठशीत येतात, पुढे पुढे रेघा फिक्या होतात. पक्ष्याचे बारीक पीस दिसेनासे होते. म्हणून चांगला कारागीर वेळीच हात आवरतो. मोजून छापण्याचे पहिले कारण हे.

दिवाळे निघालेला चित्रकार

या कामाचा एक मोठा दाखला अमेरिकेतला आहे. जॉन जेम्स ऑडुबॉन नावाचा एक माणूस होता. त्याचा जन्म १७८५ सालचा. अठराव्या वर्षी तो अमेरिकेत आला. त्याने दुकान घातले, गिरणी घातली. धंदा बुडाला. १८१९ साली दिवाळे निघाले आणि कर्जापायी त्याला तुरुंग पाहावा लागला.

पण त्याला एक नाद होता. रानात हिंडायचे आणि पाखरांची चित्रे काढायची. त्याने ठरवले, या देशातले यच्चयावत पक्षी काढायचे, आणि तेही जेवढ्यास तेवढे. गरुड गरुडाएवढा, चिमणी चिमणीएवढी. तो वर्षानुवर्षे हिंडला. घरी बायको ल्यूसी मुलांना शिकवून संसार चालवत होती. तिची कमाई नसती, तर हे काम उभे राहिले नसते.

ऑडुबॉन पक्षी मारून, तारेने नीट बसवून, मग चित्र काढी. तेव्हा दुसरा उपाय नव्हता. आणखी एक गोष्ट लपवणे बरे नाही. त्याने गुलाम माणसे बाळगली होती आणि विकलीही होती. हात कलावंताचा असला म्हणून माणसाचे सगळेच वागणे चांगले असते, असे नाही.

फुले कोणी काढली?

त्याच्या चित्रांत पाखरू सहसा एकटे नसते. ज्या झाडावर ते बसते, ज्या फुलातला मध ते पिते, ते झाडफूलही शेजारी असते. एका चित्रात इवलेसे मध पिणारे पक्षी तुतारीसारख्या लांबट तांबड्या फुलांभोवती जमलेले आहेत. बघणाऱ्याला पक्षी कळतो आणि त्याचे घरही कळते.

यातली बरीच फुले जोसेफ मेसन नावाच्या मुलाने काढली. १८२० साली तो ऑडुबॉनबरोबर निघाला, तेव्हा फक्त तेरा वर्षांचा होता. निदान पन्नास चित्रांतली झाडेफुले त्याच्या हातची आहेत. पण छापील चित्रांवर त्याचे नाव आले नाही. मुलगा राबला आणि नाव झाले गुरूचे. आम्ही जन्मभर शाळेत मुलांत वावरलो. आम्हाला ही गोष्ट लागते.

किती प्रती छापल्या?

अमेरिकेत छापणारा मिळेना. म्हणून १८२६ साली ऑडुबॉन इंग्लंडला गेला. लंडनच्या रॉबर्ट हॅवेल याने बहुतेक पत्रे कोरले. काम १८२७ ते १८३८ असे चालले. एकूण ४३५ चित्रे झाली. एकेक कागद सव्वातीन फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद! तरीही रोहित पक्षी त्यात उभा मावेना. मग त्याची मान खाली वाकवून काढली.

पत्र्यावरून फक्त काळे चित्र उठे. रंग हाताने भरावा लागे. प्रत्येक प्रतीवर, प्रत्येक पिसाला. अनेक रंगारी ओळीने बसून हे काम करत.

एवढा खर्च करणार कोण? ऑडुबॉनने आधी गिऱ्हाइके नोंदवली. पाच पाच चित्रांचा हप्ता निघे. तो पोचला की गिऱ्हाईक पैसे देई. असे ८७ हप्ते झाले. पूर्ण संच घेणारे दोनशेही भरले नाहीत. म्हणून तेवढेच संच निघाले. आज त्यातले सुमारे १२० शिल्लक आहेत. २०१० साली लंडनमध्ये एका संचाचा लिलाव झाला. किंमत आली ७३ लाख पौंड. म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे पन्नास कोटी रुपये!

आणि ते तांब्याचे पत्रे? ऑडुबॉन १८५१ साली वारला. पुढे म्हातारपणी ल्यूसीने पत्रे मोडीत विकले. भट्टीत वितळत असताना कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पत्र्यावर पक्षी दिसला. त्याने आरडाओरडा करून उरलेले पत्रे वाचवले. आज ऐंशीच्या आसपास उरले आहेत.

आकडा म्हणजे शब्द

पुढे चित्रकारांनी एक रीत पाडली. छापलेल्या चित्राखाली शिसपेनने सही करायची आणि आकडा घालायचा. ‘७/५०’ असे लिहिले, तर एकूण पन्नास प्रती आणि ही त्यातली सातवी. पन्नास झाल्या की पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करायचा. म्हणजे चोरून एक्कावन्नावी काढता येणार नाही. हा आकडा म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आहे.

शब्द मोडणारेही असतात, बरे का! आम्ही एकदा शहरातल्या एका दुकानातून खंड्या पक्ष्याचे चित्र घेतले. खाली लिहिले होते, ‘फक्त शंभर प्रती’. पैसेही बरेच मोजले. महिन्याने तेच चित्र दुसऱ्या बाजारात ढिगाने पाहिले! घरी येऊन भिंगातून बघितले. चित्रभर बारीक बारीक रंगीत ठिपके होते, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे. म्हणजे ते यंत्रावरचे साधे छापकाम होते. तांब्याच्या पत्र्याचा ठसा असा ठिपक्यांचा नसतो. शिवाय पत्र्याच्या कडांचा दाब कागदावर उमटतो आणि बोटाला लागतो. साधे चित्र घ्यायला हरकत नाही. पण साध्याचे दाम द्या.

जे पुन्हा छापता येत नाही

आता शेवटची गोष्ट. ऑडुबॉनच्या एका चित्रात सात पोपट आहेत. हिरवे अंग, पिवळी मान, केशरी तोंड. ते एका तणावर बसून काटेरी बोंडे खात आहेत. आपल्या धोतराला आणि लुगड्याला चिकटतात ना, तसलीच ती बोंडे.

हे पोपट अमेरिकेत थव्यांनी असत. ते फळबागांवर पडत. शेतकरी चिडून बंदूक उचलत. त्या पोपटांना एक खोड होती. एक मेला की बाकीचे पळून जात नसत. मेलेल्याभोवती घिरट्या घालत परत येत. मग सगळा थवा मारला जाई. त्यात जंगलेही तुटली. या जातीचा शेवटचा पोपट १९१८ साली अमेरिकेत सिनसिनाटी गावच्या पिंजऱ्यात मेला. त्याच पक्षिसंग्रहात १९१४ साली रानपारव्यांची एक जात संपली होती. त्यांच्या थव्यांनी सूर्य झाकलेला ऑडुबॉनने स्वतः पाहिला होता.

बागेचे नुकसान होई, ते खोटे नव्हे. पण तोच पोपट तणाचे बी खाऊन फस्त करी, ही बाजू कोणी मोजली नाही.

पाखरांचा राग आम्हालाही येतो. ज्वारीच्या कणसावर थवा उतरला की जीव तळमळतो. गोफण जरूर फिरवा, माचाणावर बसून राखण करा, पत्र्याचे डबे वाजवा. पाखरू उडवून लावा, पण त्याचा निर्वंश करू नका.

तांब्याचा पत्रा मोडला तरी नवा कोरता येतो. पक्ष्याच्या जातीचा ठसा एकदा मोडला की मोडला. आज त्या पोपटाचे चित्र मोठ्या किमतीला जाते, पण तेवढे पैसे ओतूनही एक जिवंत पोपट मिळत नाही.

प्रश्न

१. जुना तांब्याचा पत्रा वापरून केलेल्या प्रती फिक्या का येतात?
२. चित्राखाली ‘१२/४०’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ काय?
३. तुमच्या लहानपणी शिवारात दिसणारे कोणते पाखरू आता दिसत नाही? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याचे नाव वहीत लिहा.