तारण नसलेल्यांची पत ओळखणारा अर्थतज्ज्ञ

डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी संस्था उभारल्या, शिक्षण खाते सांभाळले आणि अखेरीस बंगळूरला कर्मभूमी मानले. शैक्षणिक कर्जाचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने त्यांची ओळख करून घ्यायला हवी.

बारावीचा निकाल लागला, की घरोघरी दोन प्रश्न उभे राहतात. प्रवेश कुठे मिळेल आणि पैसा कुठून आणायचा? पूर्वी आई अंगावरचे दागिने काढून देई, वडील भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेत, नाहीतर गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला जाई. आता बँकेकडे अर्ज करता येतो. पण ज्याच्याकडे गहाण ठेवायला काहीच नाही, त्याला कर्ज कोणत्या भरवशावर द्यायचे? डॉ. राव यांच्यापुढे हा प्रश्न फार मोठ्या स्वरूपात आला होता.

देशांसाठी सवलतीचे कर्ज

8 जुलै 1908 रोजी कांचीपुरम येथे जन्मलेले विजयेंद्र कस्तुरी रंगा वरदराज राव मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले आणि पुढे केंब्रिजला गेले. तेथे केन्ससारख्या दिग्गजाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा शास्त्रशुद्ध हिशेब मांडणाऱ्या पहिल्या काही अभ्यासकांत त्यांची गणना होते.

स्वातंत्र्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक विकासविषयक उपआयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. 1949 मध्ये त्यांनी एक धाडसी सूचना केली. गरीब देशांना बाजारभावाच्या व्याजाने कर्ज परवडणार नाही, म्हणून त्यांना दीर्घ मुदतीचे, सवलतीचे कर्ज देणारी स्वतंत्र यंत्रणा हवी, अशी ती सूचना होती. श्रीमंत देशांनी तेव्हा नाके मुरडली. मात्र 1960 मध्ये जागतिक बँकेच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय विकास संघटना स्थापन झाली, ती याच विचाराच्या वाटेने. आज पत नसली तरी उद्या कुवत निर्माण होईल, हा विश्वास त्यामागे होता. विद्यार्थ्याला कर्ज देतानाही हाच विश्वास धरावा लागतो.

तीन संस्था, एक मंत्रिपद

रावांनी 1949 मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची स्थापना केली. अमर्त्य सेन आणि मनमोहन सिंग यांनी पुढे तेथे अध्यापन केले. 1957 ते 1960 या काळात राव दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि 1958 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ सुरू झाली. 1963 पासून ते नियोजन आयोगाचे सदस्य होते. शिक्षण आणि मनुष्यबळ विकास यांवरचे त्यांचे पुस्तक 1966 मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षणावरचा पैसा हा नुसता खर्च नसून ती गुंतवणूकही आहे, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला.

1967 मध्ये ते कर्नाटकातील बळ्ळारीहून लोकसभेवर निवडून आले आणि 1969 मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री झाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना परिचित असलेली राष्ट्रीय सेवा योजना त्यांच्याच कारकिर्दीत, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतील 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. समाजाच्या पैशावर शिकणाऱ्याने समाजासाठी थोडे राबावे, ही त्यामागची भावना. त्याच वर्षी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद अस्तित्वात आली. तिची शिफारस रावांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली होती. पहिले अध्यक्ष होते पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्याचे जे. पी. नाईक. मराठी माणसांनी अभिमान बाळगावा अशी ही जोडी!

मंत्रिपद गेल्यावर राव दिल्लीत रेंगाळले नाहीत. 1972 मध्ये त्यांनी बंगळूरला सामाजिक आणि आर्थिक परिवर्तन संस्था स्थापन केली. नागरभावीच्या परिसरात ती आजही संशोधनाचे काम करते. 1974 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. 25 जुलै 1991 रोजी त्यांचे निधन झाले.

चांगली योजना का फसली?

राव नियोजन आयोगात आले, त्याच 1963 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना सुरू केली होती. हुशार पण गरजू विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज मिळे. कर्जदार शिक्षक झाला, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. कल्पना किती सुंदर! पण पैसा केंद्राचा, वाटप राज्यांमार्फत आणि वसुलीची पक्की यंत्रणा कुणाकडेच नाही. विद्यार्थी गाव बदलत, पत्ते बदलत. परतफेड अगदी थोडी झाली आणि 1991 मध्ये योजना बंद पडली.

त्यानंतरची वर्षे पालकांसाठी कठीण ठरली. देणगी घेणाऱ्या महाविद्यालयांचे पेव फुटले होते. कर्नाटकातील एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्कावरूनच मोहिनी जैन खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. त्याचा निकाल 1992 मध्ये लागला. पुढे न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाचा काही भाग स्वतः उभारावा, असे सुचवले. शुल्क वाढणार, हे स्पष्ट होते. मग सामान्य घरातल्या मुलांनी काय करायचे?

उत्तर पुन्हा बंगळूरहून आले. तेथे मुख्यालय असलेल्या कॅनरा बँकेचे अध्यक्ष आर. जे. कामत यांच्या अभ्यासगटाने केलेल्या शिफारशींवरून 2001 मध्ये भारतीय बँक संघाने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणाची अट नव्हती. शिक्षण संपल्यावर एक वर्षाने, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, यांतले जे आधी असेल तेव्हापासून परतफेड सुरू होई. 1963 च्या योजनेत नसलेली वसुलीची यंत्रणा बँकांकडे होती. फरक एवढाच, की हे कर्ज बिनव्याजी नव्हते.

सही करण्यापूर्वी

हा फरक पालकांनी नीट समजून घ्यावा. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी सुरुवातीला एक लाख रुपये, दहा टक्के साध्या व्याजाने उचलले. शिक्षण संपून आणखी एक वर्ष गेले, की मुद्दल चार लाख आणि व्याज एक लाख चाळीस हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच डोक्यावर पाच लाख चाळीस हजार!

म्हणून सरकारी सवलतींची चौकशी अवश्य करावी. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांचे शिक्षणकाळातील व्याज भरण्याची योजना केंद्राने 2009 मध्ये आणली. तिची मध्यवर्ती बँकही कॅनरा बँकच. 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्या आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. अटी काळजीपूर्वक वाचाव्यात. अभ्यासक्रम आणि संस्था मान्यताप्राप्त आहे ना, हे प्रवेशापूर्वीच पाहावे. जमल्यास शिक्षण सुरू असतानाच थोडेथोडे व्याज भरत जावे.

आणखी एक गोष्ट. मुलासाठी कर्ज काढताना न कचरणारी घरे मुलीच्या वेळी अडखळतात. लग्नाआधी तिच्या नावावर कर्ज कशाला, असे म्हणतात. पण शिक्षण ही गुंतवणूक असेल, तर ती मुलगा-मुलगी पाहून बदलत नाही. पत आज दिसत नाही म्हणून उद्याची कुवत नाकारू नये, हे रावांनी देशांच्या बाबतीत सांगितले. आपण ते आपल्या मुलींच्या बाबतीत तरी मान्य करायला काय हरकत आहे?