'रूट्स' वाचल्यावर

ॲलेक्स हेली यांची 'रूट्स' (१९७६) वाचून संपविली तेव्हा आमचे मन द्विधा झाले. गँबियातील जुफुरे गावचा कुंटा किंटे १७६७ साली गुलाम म्हणून ॲनापोलिसला उतरतो. तेथून सात पिढ्यांची ही कथा. जहाजाच्या पोटातील प्रकरणे तर वाचवत नाहीत. साखळदंडाने शेजाऱ्याशी जखडलेल्या माणसांना परस्परांची भाषा येत नाही. तरी अंधारात कुजबुज चालते, शब्द एका फळीवरून दुसरीकडे पोहोचतात. भाषेच्या शिक्षकाने हा भाग वाचावाच. पुढे चौथ्यांदा पळून गेल्यावर कुंटाचे अर्धे पाऊल तोडले जाते. पण त्याला 'टोबी' म्हणू लागतात, ती जखम आम्हांस अधिक खोल वाटली.

मात्र जुफुरे फारच निष्पाप रंगविले आहे, आणि चिकन जॉर्जनंतरच्या पिढ्या लेखकाने घाईने उरकल्या आहेत. शिवाय हॅरल्ड कूरलँडर यांच्या 'द आफ्रिकन' (१९६७) या कादंबरीतील काही मजकूर आपल्या पुस्तकात आल्याचे हेली यांना १९७८ साली मान्य करावे लागले. वंशावळीवरही संशोधकांनी आक्षेप घेतले. तेव्हा इतिहासाच्या तासाला हे पुस्तक आम्ही नेणार नाही. साहित्याच्या तासाला नेऊ, आणि शेजारी जोतीरावांची 'गुलामगिरी' (१८७३) ठेवू; तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलाममुक्तीच्या कैवाऱ्यांनाच उद्देशून आहे.