दोन कोटी माणसं आणि एक मिनिट

वेल्समधल्या एलिदिर फॉर या डोंगराच्या पोटात १६ किलोमीटर लांबीचे बोगदे आहेत. ते खोदताना सुमारे १ कोटी २० लाख टन दगड बाहेर काढावा लागला. वर एक तळं, खाली एक तळं आणि मधल्या प्रचंड दालनात सहा जनित्रं, अशी रचना असलेलं दिनॉर्विगचं हे वीजकेंद्र १९८४ मध्ये सुरू झालं. क्षमता १७२८ मेगावॅट, म्हणजे आपल्या कोयनेच्या १९६० मेगावॅटपेक्षा थोडी कमी. थक्क करतो तो त्याचा वेग. जनित्रं आधीपासून फिरती ठेवलेली असतील, तर शून्यापासून १३२० मेगावॅटपर्यंत पोहोचायला या केंद्राला १२ सेकंद लागतात. पूर्ण जोरात असताना दर सेकंदाला ३९० घनमीटर पाणी खाली येतं. दहा हजार लिटरचे ३९ टँकर एका सेकंदात रिकामे करावेत, तेवढं.

एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं तर ही तत्परता उपयोगी पडते. पण ब्रिटनच्या वीज नियंत्रण कक्षातली माणसं ती आणखी एका कारणासाठी हाताशी ठेवत आली आहेत: लोकांची आवडती मालिका संपली, की पहिल्या मिनिटात काय होतं, हे त्यांना माहीत आहे.

ब्रिटनमध्ये चहा विजेच्या किटलीत होतो. तिथल्या घरगुती किटलीला साधारण तीन किलोवॅट वीज लागते. एका किटलीने काही बिघडत नाही. पण मालिकेची शेवटची नामावली सुरू झाली की लाखो घरांतली माणसं एकदम उठतात, किटलीचं बटण दाबतात, दिवे लावतात, न्हाणीघरात जातात. नळ सुटले की पाणीपुरवठ्याचे पंपही जोर धरतात. ग्रिडमध्ये ज्या क्षणी जेवढी मागणी, त्याच क्षणी तेवढी निर्मिती व्हावी लागते. मागणी वाढली आणि पुरवठा मागे राहिला तर सगळ्या देशातली जनित्रं किंचित मंदावतात आणि ५० हर्ट्झची वारंवारता घसरू लागते. ती ४९.५ ते ५०.५ च्या मध्ये राखायची असते. म्हणून नियंत्रण कक्षातला माणूस टीव्हीच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक जवळ ठेवतो आणि भाग नेमका कधी संपतो ते पाहत बसतो. वीजवाल्यांनी या उसळीला नाव दिलं ‘टीव्ही पिकअप’.

१ मार्च २००१ च्या रात्री बीबीसीवरच्या ‘ईस्टएंडर्स’ मालिकेत फिल मिचेल या पात्रावर गोळी झाडली गेली. झाडणारा हात कोणाचा, ते दाखवलं नाही. उत्तर मिळालं ५ एप्रिलला. मधले ३५ दिवस देशभर तर्क लढवले जात होते. ५ एप्रिलला सुमारे दोन कोटी लोक टीव्हीसमोर बसले आणि भाग संपल्यावर विजेची मागणी २२९० मेगावॅटने उसळली. तीन किलोवॅटच्या हिशेबाने हे साडेसात लाखांहून अधिक किटल्या एकदम चालू होण्यासारखं आहे. अख्खं कोयना पूर्ण क्षमतेने चालवलं असतं तरी ती उसळी भरून निघाली नसती.

हा विक्रम नव्हे. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीत हरलं, तेव्हाची उसळी २८०० मेगावॅटची होती. पण मी जास्त वेळ थांबतो तो दुसऱ्या क्रमांकापाशी. २२ जानेवारी १९८४, ‘द थॉर्न बर्ड्स’, २६०० मेगावॅट. ऑस्ट्रेलियातल्या एका पाद्र्याच्या प्रेमाची ही गोष्ट, बनवली अमेरिकेने, आणि तिने ब्रिटनमध्ये राष्ट्राच्या फुटबॉल संघाच्या काळजाचा ठोका चुकवणाऱ्या रात्रीला जवळजवळ गाठलं.

या आकड्यांमध्ये मला चहापेक्षा मोठं काहीतरी दिसतं. लाखो माणसं एका मिनिटात उठतात, कारण त्याआधी ती एका मिनिटात बसलेली असतात. बसण्यासाठी त्यांनी कितीतरी गोष्टी इकडेतिकडे केलेल्या असतात. जेवण लवकर उरकलेलं असतं, मुलं वेळेआधी झोपवलेली असतात, आईला करायचा फोन दुपारीच केलेला असतो, कोणाच्या घरी जायचं ते उद्यावर टाकलेलं असतं. ही जुळवाजुळव प्रत्येक घरात वेगळी, शेजारच्यालाही न कळणारी. ती कुठल्याच नोंदवहीत येत नाही. फक्त शेवटच्या मिनिटाला, वीजवाल्यांच्या आलेखावर, तिची सगळी बेरीज एका सुळक्यासारखी उभी राहते. मालिका किती लोकांनी पाहिली हा आकडा मला अपुरा वाटतो तो यामुळेच. तिच्यासाठी किती लोकांनी आपला दिवस हलवला, हे जास्त मोलाचं आहे.

असाच एक फार मोठा दिवस हलला तो २१ नोव्हेंबर १९८० ला. ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेचा हंगाम २१ मार्चला संपला तो जे. आर. युइंग या तेलसम्राटावर गोळ्या झाडून. उत्तर पुढच्या हंगामात मिळायचं होतं. पण त्या उन्हाळ्यात अभिनेत्यांचा संप झाला, चित्रीकरण लांबलं आणि प्रतीक्षा २४५ दिवसांची झाली. गोळ्या कोणी झाडल्या हे फुटू नये म्हणून वेगवेगळ्या पात्रांना जे. आर. वर गोळी झाडताना चित्रित करून ठेवलं होतं. दरम्यान देशात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. कार्टर हरले, रेगन जिंकले, आणि मतदान केलं सुमारे ८ कोटी ६५ लाख लोकांनी. तीन आठवड्यांच्या आत ‘डॅलस’चा तो भाग पाहिला सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेबावीस कोटींच्या आसपास, म्हणजे तान्ही बाळं धरूनही शंभरातले छत्तीस. त्या तासाला अमेरिकेत जेवढे टीव्ही चालू होते, त्यांतल्या चारपैकी तीन टीव्हींवर तीच मालिका होती.

‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटचा हंगाम १४ एप्रिल २०१९ ला परत आला, तेव्हा आधीच्या हंगामाला वीस महिने होत आले होते. अमेरिकेत रविवारी रात्री नऊची वेळ, म्हणजे आपल्याकडे सोमवारची सकाळ साडेसहा. हॉटस्टारवर त्याच वेळी तो लागायचा. आठवड्याची पहिली लोकल गाठण्याआधी डोंगराएवढे ड्रॅगन पाहून निघणारी माणसं मुंबई-पुण्यात तेव्हा होती, आणि त्यांनी सहा सोमवार हे केलं. शेवटच्या भागाआधी क्रोनॉस या कंपनीच्या संस्थेने अमेरिकेत सर्वेक्षण केलं. त्यातून निघालेला अंदाज असा, की १ कोटी ७ लाख नोकरदार दुसऱ्या दिवशी कामावर येणार नाहीत. उशिरा येणारे आणि येऊनही कामात लक्ष नसणारे धरले तर २ कोटी ७२ लाख. १९ मे च्या त्या भागाला पहिल्या रात्री अमेरिकेत प्रेक्षक मिळाले १ कोटी ९३ लाख. बघणाऱ्यांपेक्षा दुसऱ्या दिवशीचं काम बिघडणारे जास्त, असं या दोन आकड्यांवरून दिसतं. पण एक सर्वेक्षणातला अंदाज आहे आणि दुसरा मोजणीतला, हे लक्षात ठेवून ते शेजारी ठेवायला हवेत.

आता यापेक्षा कितीतरी मोठे आकडे ऐकू येतात. ‘स्क्विड गेम’ ही कोरियन मालिका सव्वातीन वर्षांनी, २६ डिसेंबर २०२४ ला परतली. पहिल्या चार दिवसांत जगभरात ती ४८ कोटी ७६ लाख तास पाहिली गेली. वर्षांत मांडलं तर ५५ हजार वर्षांहून अधिक मानवी वेळ, चार दिवसांत! पण हाच आकडा दुसऱ्या बाजूने मोडून पाहा. चार दिवस म्हणजे ९६ तास. भागाकार केला तर कुठल्याही एका क्षणी, सगळ्या पृथ्वीवर मिळून, सरासरी ५१ लाख पडद्यांवर ती चालू होती. सातही भाग एकदम हाती दिलेले, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने पाहावे. कोणाला काहीही हलवावं लागलं नाही. २००१ मध्ये एकट्या ब्रिटनमध्ये, एका संध्याकाळी, एका क्षणी दोन कोटी माणसं होती. मला तो जुना आकडा जास्त मोठा वाटतो, आणि तसं वाटण्याबद्दल मी ठाम आहे.

आणि हा विचार मला ‘रामायण’कडे नेतो.

२७ मार्च २०२० ला, टाळेबंदी सुरू होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हाचे माहिती व प्रसारण मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी जाहीर केलं, की रामानंद सागरांची मालिका दूरदर्शनवर उद्यापासून पुन्हा दाखवली जाईल. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. पहिल्या शनिवार-रविवारच्या चार प्रक्षेपणांना मिळून १७ कोटी प्रेक्षक मिळाले. त्या आठवड्यात दूरदर्शन देशातली सर्वाधिक पाहिली जाणारी वाहिनी ठरली. १६ एप्रिलच्या भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक लाभले आणि दूरदर्शनने तो जागतिक विक्रम असल्याचं सांगितलं. तो तसा नव्हता. १९८३ मध्ये ‘मॅश’ या अमेरिकन मालिकेचा शेवटचा भाग १० कोटी ५९ लाख लोकांनी पाहिला होता. पण विक्रम नसला म्हणून काय झालं? तासाभराचा भाग धरला तर त्या एका दिवसात ८,७०० वर्षांहून जास्त मानवी वेळ ‘रामायणा’पुढे बसला होता.

ब्रिटनसारखी उसळी मात्र आपल्या ग्रिडवर उमटली नसती. आपला चहा गॅसवर होतो. भाग संपल्यावर सात कोटी लोकांनी आधण ठेवलं असतं, तरी वीज नियंत्रण कक्षात कोणाला पत्ता लागला नसता. भारताने एकाच वेळी हात हलवला तर काय होतं, ते त्याच दिवसांत वेगळ्या कारणाने दिसलं: ५ एप्रिलला पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने कोसळली. ब्रिटनच्या १९९० च्या विक्रमाच्या अकरा पट. जलविद्युत केंद्रांची निर्मिती झरझर उतरवून आणि पुन्हा चढवून आपल्या वीज अभियंत्यांनी ते पेललं. या कामाचं म्हणावं तितकं कौतुक झालं नाही.

तरीही २०२० च्या ७ कोटी ७० लाखांपुढे मी १९८८ चं ‘रामायण’ ठेवतो. टाळेबंदीत हलवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. लग्नं थांबली होती, गाड्या थांबल्या होत्या, माणसं घरातच होती. १९८७-८८ मध्ये सगळं चालू होतं, आणि ते दर रविवारी सकाळी साडेनऊला हलवावं लागत होतं.

२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८. या काळात ८० रविवार येतात आणि त्यांत ७८ भाग दाखवले गेले. आधी ५२ च मंजूर होते. घरोघरी टीव्ही नव्हता, त्यामुळे एका संचासमोर आळीतली माणसं दाटीने बसत, दारात आणि खिडकीत उभी राहत. स्नान उरकून, टीव्हीला हार घालून, चपला बाहेर काढून बसणारी घरं होती. पडद्यावर ललिता पवारांची मंथरा, जयश्री गडकरांची कौसल्या, बाळ धुरींचा दशरथ आणि संजय जोगांचा भरत. मराठी घराला अयोध्येच्या राजवाड्यात आपली माणसं दिसत होती, आणि कौसल्या-दशरथ तर खऱ्या आयुष्यातही पती-पत्नी होते. रस्ते ओस पडत. लग्नाचे मुहूर्त साडेनऊ टाळून काढले जात. ऐन भागात वीज गेली म्हणून वीज कचेऱ्यांवर लोक चालून गेल्याच्या बातम्या येत.

अमेरिकन अभ्यासक फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी या मालिकेचा प्रेक्षकवर्ग शेवटी शेवटी आठ ते दहा कोटींचा असल्याचं नोंदवलं आहे, देशातला दर आठवा माणूस. हे शिखराचे आकडे आहेत, म्हणून हिशेबासाठी मी निम्म्यावर येतो. दर रविवारी सरासरी चार कोटी आणि भाग ३५ मिनिटांचा. ७८ भागांचे साडेपंचेचाळीस तास होतात. गुणाकार १८२ कोटी तासांवर जातो, म्हणजे दोन लाख वर्षांहून अधिक. एवढा वेळ लोकांनी ठरलेल्या घटकेला, ठरलेल्या वारी, दुसरी कामं बाजूला सारून दिला.

आणि तो संपल्यावर त्यांना तो पुरेसा वाटला नाही. रामाच्या राज्याभिषेकानंतरचं उत्तरकांड न दाखवताच मालिका थांबणार, हे कळल्यावर जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. रस्त्यावरचा कचरा तसाच साठत राहिला. इतर शहरांतले सफाई कामगारही त्यांना येऊन मिळाले. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: उत्तरकांडात वाल्मीकी ऋषी आहेत, त्यांच्या आश्रमात सीता राहते, लव-कुश वाढतात, आणि आम्ही स्वतःला त्या वाल्मीकींचे वंशज मानतो, आमच्या ऋषीची गोष्ट सांगितल्याशिवाय ‘रामायण’ पुरं कसं झालं? सरकारने ते मान्य केलं. सागरांकडून पुढचे भाग बनवून घेतले गेले आणि मालिका परत आली.