जंतूचं नाव काय?

दुधात अँटिबायोटिक उतरलंय का, हे शोधायची एक जुनी चाचणी आहे आणि तिच्यात राबतो तो एक जीवाणूच. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस असं त्याचं लांबलचक नाव. बहुतेक जंतू जिथं गळपटतात त्या ६४ अंश सेल्सिअसला हा खुशीत वाढतो. जांभळ्या अगरमध्ये त्याचे बीजाणू आधीच पेरून ठेवलेले असतात. वर दुधाचे काही थेंब टाकायचे आणि सुमारे तीन तास थांबायचं. दुधात औषध नसेल तर जीवाणू वाढतो, आम्ल सोडतो आणि जांभळा रंग पिवळा होतो. रंग तसाच राहिला, तर गाईला नुकतंच इंजेक्शन झालंय किंवा तिच्या सडात ट्यूब सोडलीय आणि जे दूध काही दिवस बाजूला ओतायला हवं होतं ते कॅनमध्ये आलंय, असा संशय घ्यायला जागा होते. अशा दुधाला घरी विरजणही धड लागत नाही. दही करणारे जीवाणू औषधापुढं नाजूकच.

अहिल्यानगर जिल्ह्यात ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती राहत नाही. (सरकारदरबारी नाव २०२४ मध्ये बदललं. बोलताना अजून ‘नगर’च तोंडात येतं, ते चालवून घ्यावं.) प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाटपाण्यावर ऊस आला, उसाबरोबर हिरवा चारा आला आणि चाऱ्यामागून संकरित गाय आली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ घडवली. संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा, कुठंही जा, पहाटे डेअरीपुढं कॅन आणि मोटारसायकली. भरपूर दूध देणाऱ्या गाईच्या कासेवर ताण जास्त, म्हणून काससुजीची भीतीही जास्त. शेतकरी तिला दगडी म्हणतात, डॉक्टर मस्टायटिस. दुधाळ जनावरांत अँटिबायोटिकचा मोठा खप या एका रोगापायी होतो.

दगडी एकच, पण ती करणारे जंतू निरनिराळे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस कासेत मुरून बसतो, उतींच्या आत लपतो आणि गेल्यासारखा वाटून पुन्हा उठतो. स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टी धार काढणाऱ्याच्या हातांवरून किंवा मशीनच्या कपांतून एका गाईकडून दुसरीकडं जातो, पण साध्या पेनिसिलिनला बहुधा वठणीवर येतो. ई. कोलाय येतो शेणातून, ओल्या गोठ्यातून. त्याचा झटका जोराचा असतो, गाय तापानं फणफणते. आणि गंमत अशी की त्याच्या सौम्य दुखण्यात पुष्कळदा गाय स्वतःच जंतू निस्तरते, अँटिबायोटिकची गरजच पडत नाही. म्हणजे तीन गाई, तिघींची कास सुजलेली, आणि तिघींचे उपचार वेगळे. गोठ्यात मात्र तिघींना एकच ट्यूब जाते. मला या सगळ्या विषयाचा गाभा इथं दिसतो. आपल्याकडं औषध भरपूर आहे, जंतूची ओळख नाही.

ओळखीला वेळ का लागतो, ते जंतूच्या वाढीशी बांधलेलं आहे. जीवाणू वाढतो म्हणजे लठ्ठ होत नाही, दुभागतो. ई. कोलायला खाणं, ऊब आणि ओल मिळाली की साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन. सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे वीस लाखांच्या वर. हाच वेग अखंड चोवीस तास टिकला असता तर एका जंतूपासून सुमारे ४,७०० टन वजनाचा ढीग झाला असता. तसं होत नाही, कारण अन्न संपतं आणि स्वतःचंच आम्ल नि घाण अंगाशी येते. नव्या जागी आलेला जंतू आधी थोडा वेळ थबकतो, त्या जागेला लागणारी विकरं तयार करतो, मग भराभर वाढतो, मग जन्म-मृत्यू सारखे होतात आणि शेवटी मरण वाढतं. ताज्या धारेच्या दुधात स्वतःची अशी थोडी संरक्षक द्रव्यं असतात, त्यामुळं पहिले दोन-तीन तास बरे जातात. त्यानंतर उन्हाळ्यातलं दूध आणि जंतू यांच्यातली शर्यत दूध हरतं. गावोगावचे बल्क कूलर दूध ४ अंशांवर आणतात, पण त्यानं जंतू मरत नाहीत, त्यांचं दुभागणं मंदावतं. धार काढायच्या मशीनच्या नळ्यांत मात्र वेगळंच चालतं. तिथं जंतू चिकट थर करून राहतात आणि त्या थराच्या आड औषधही नीट पोचत नाही, धुण्याचं पाणीही नाही.

क्षयाचा जंतू अगदी उलट स्वभावाचा. त्याला एकदा दुभागायला वीस-एक तास लागतात. कुष्ठरोगाचा तर सुमारे दोन आठवडे घेतो आणि प्रयोगशाळेतल्या कोणत्याही माध्यमावर आजवर वाढलेला नाही.

एकट्या जंतूचं नाव सांगता येत नाही. त्याची वसाहत डोळ्यांना दिसावी लागते. ती पाहायची सोय स्वयंपाकघरातून आली, ही हकीकत मला फार आवडते. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. ते उबेनं वितळायचं, काही जंतू ते खाऊनच टाकायचे. कॉखचा सहकारी वाल्थर हेसे याची बायको फॅनी हेसे जेलीत अगर घालायची. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला ते कळलं होतं. १८८१ मध्ये तिनं ते सुचवलं आणि आजही जगभर जंतू त्यावरच वाढतात. आपल्याकडं याच अगरला चायना ग्रास म्हणतात आणि त्याचं पुडिंग करतात. पेट्रीची झाकणाची बशी १८८७ ची.

पुढची पायरी रंगाची. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्रामनं १८८४ मध्ये सांगितलेली रीत नंतर थोडी सुधारून आजही रोज वापरली जाते. जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुणं, शेवटी लाल रंग. जाड भिंतीचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भिंतीचे तो सोडून देतात आणि गुलाबी दिसतात. ही नुसती रंगांची हौस नाही. गुलाबी जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं आणि पुष्कळ औषधं तिथंच अडतात. सडातल्या दुधाची काच रंगवली आणि जांभळे गोळे द्राक्षाच्या घोसासारखे दिसले की स्टॅफिलोकॉकसचा संशय. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात बुडबुडे आले तर संशय दाट, आले नाहीत तर स्ट्रेप्टोकॉकस. सशाच्या रक्तद्रवात गुठळी धरली तर बहुधा ऑरियस. मॅकॉन्की अगरवर गुलाबी वसाहती उठल्या तर ई. कोलाय किंवा त्याचे भाऊबंद. मोठ्या प्रयोगशाळांत आता जंतूच्या प्रथिनांचं वजन मोजून मिनिटांत नाव सांगणारी यंत्रं आहेत, पण त्यांनाही आधी बशीवर वसाहत लागतेच.

नाव कळलं तरी काम अर्धंच. मग सेन्सिटिव्हिटी. बशीभर जंतू सारवायचा, औषध भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर ३५ अंशांच्या आसपास ठेवून सकाळी प्रत्येक चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. १९६६ पासून रूढ झालेली ही पद्धत स्वस्त आहे आणि डोळ्यांना पटते. नमुना, वाढ, ओळख, चकत्या, सगळं धरून दोन ते तीन दिवस. गाय तोवर कळवळत असते, मालकाचा जीव टांगणीला लागलेला असतो, डेअरीचा खाडा पडत असतो. डॉक्टर अंदाजानं औषध देतो, यात मला त्याचा दोष दिसत नाही. पहिला अंदाज चुकल्यावर दुसरं, दुसरं चुकल्यावर त्याहून भारी, आणि नमुना मात्र कुठंच नाही, हे मात्र पटत नाही.

आता प्रतिकार. औषध घेतल्यानं ‘शरीराला सवय होते’ असं सर्रास बोललं जातं. शरीराचा यात संबंध नाही, बदललेला असतो तो जंतू. आणि तोही औषध पाहून शिकत नाही. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये मखमलीच्या तुकड्यानं हे दाखवलं. एका बशीतल्या वसाहतींचा ठसा मखमलीवर घ्यायचा आणि तो औषधाच्या बशीवर उमटवायचा. औषधाच्या बशीत जे थोडे तगले, त्यांचे भाऊ मूळ बशीत त्याच जागी सापडले, आणि त्यांनी औषध कधी पाहिलंच नव्हतं. प्रतिकार आधीच होता. औषधानं फक्त बाकीचे मारून त्यांना रान मोकळं करून दिलं. कांद्याच्या वावरात एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की शेवटी त्याला न जुमानणारं तणच माजतं, तसंच हे. २०११ मध्ये तर तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीत प्रतिकाराची जनुकं मिळाली. ही अस्त्रं जंतू-बुरशींच्या आपसातल्या लढाईतली, आपण मध्ये फार उशिरा आलो.

जंतूच्या युक्त्या चार-पाचच. काही जंतू औषध तोडणारं विकर सोडतात. पेनिसिलिन बाजारात यायच्याही आधी, १९४० मध्ये, अब्राहम आणि चेन यांनी असं विकर नोंदवलं होतं. काही आपल्या भिंतीतली दारं कमी करतात, काही आत आलेलं औषध पंपानं बाहेर फेकतात, काही औषध जिथं चिकटतं ती जागाच बदलतात. पण खरी धास्ती देण्याघेण्याची आहे. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर ही जनुकं असतात आणि एक जंतू ती दुसऱ्याला, कधी दुसऱ्या जातीच्याही जंतूला, देऊन टाकतो. शेणातला निरुपद्रवी ई. कोलाय माणसाच्या पोटातल्या जंतूला हे दान करू शकतो. गोठा, शेतात पडणारं खत, ओढा आणि दवाखाना या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, असं फक्त सरकारी खात्यांना वाटतं. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचं राखून ठेवलेलं औषध कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढवायला मिसळलं जात होतं. भारतानं जुलै २०१९ मध्ये खाद्य प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. चीनमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारं फिरतं जनुक सापडल्याचं त्याआधी चार वर्षं प्रसिद्ध झालं होतं.

औषधाच्या टंचाईचे दिवस फार जुने नाहीत. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ असताना पेनिसिलिन विमानानं मागवावं लागलं. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी ते देऊ दिलं नाही. नेहरू तेव्हा नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. दहा वर्षांनी, ते पंतप्रधान असताना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथंच तिरुमलाचार यांनी हमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं आणि ते देणाऱ्या जीवाणूच्या नावात पिंपरी अमर केली. विमानानं आणावं लागणारं औषध दोन पिढ्यांत तालुक्याच्या बाजारातली नेहमीची वस्तू झालं.

आजचा हिशेब असा: २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिकारक जीवाणूंमुळं झाले, असा लॅन्सेटमध्ये २०२२ साली छापलेला अंदाज आहे. भारतात १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. त्या यादीतलं औषध विकताना दुकानदारानं डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघही असते. ती किती जण पाहतात, हे वाचकांनी आपल्याच घरातल्या औषधांच्या डब्यापाशी जाऊन ठरवावं.

आधी ओळख, मग औषध, हे आपल्याकडं जमूच शकत नाही, असं मात्र नाही. क्षयरोगात ते बऱ्याच अंशी जमलंय. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चाचणी केलेल्या सगळ्याच औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले, आणि २०१२ च्या सुरुवातीला देशभर खळबळ उडाली. जुन्या पद्धतीनं क्षयाचं कल्चर सहा ते आठ आठवडे घ्यायचं. आता सीबीनॅट नावाचं यंत्र दोनेक तासांत जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो का, हे सांगतं. गोव्याच्या मोलबायोनं बनवलेलं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं, त्यामुळं ते प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतं. थुंकीचा नमुना आधी, गोळ्यांचं पाकीट नंतर, हा क्रम सरकारी कार्यक्रमानं ठरवला. न्यूमोनियाला, लघवीच्या संसर्गाला, गाईच्या कासेला तोच क्रम लावायला तालुक्याच्या पातळीवर एक साधी जंतुप्रयोगशाळा पुरेल. त्यासाठी यंत्र नव्हे, तर बशी, चकत्या, इन्क्युबेटर आणि रोज ते पाहणारा एक माणूस लागेल. लोणीच्या प्रवरा मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी माणसांच्या नमुन्यांची सोय आहे. जनावरांचे नमुने अजूनही पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेत धाडायचे म्हटलं तर दुधाचा नमुना वाटेतच नासण्याची भीती.

याच जिल्ह्यात दुसरी एक वाटही पन्नास वर्षांपूर्वी निघाली. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर, बायकांना आरोग्य सेविका केलं. पाणी, हात धुणं, बाळंतपणातली स्वच्छता, हगवणीत मीठ-साखरेचं पाणी. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जुलाब झालाच नाही तर त्यासाठी गोळी लागत नाही, हे प्रतिकाराच्या सगळ्या चर्चेत मागे पडतं. गोठ्यातही तेच. कोरडी बसायची जागा, धार काढून झाल्यावर सड औषधात बुडवणं आणि त्यानंतर थोडा वेळ गाईला चारा टाकून उभं ठेवणं, कारण सडाचं तोंड बंद व्हायला अर्धा तास तरी लागतो. एवढ्यानं दगडीची पुष्कळ दुखणी टळतात.

टळली नाहीच, तर नमुना. सड धुऊन कोरडं करायचं, तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्यायच्या, मग निर्जंतुक बाटली आडवी धरून त्यात चमचाभर दूध घ्यायचं, हात किंवा बाटलीचं तोंड सडाला लागू द्यायचं नाही. बाटलीवर गाईचा कानातला बिल्ला नंबर, सड कोणतं, तारीख. बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. आणि हे सगळं पहिली ट्यूब सोडण्याआधी, कारण औषध गेल्यावर घेतलेल्या दुधात जंतू असूनही बशीवर उगवत नाहीत, आणि मग ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट हातात पडतो, ज्याच्यावरून डॉक्टरला काहीच ठरवता येत नाही.