आधी थांबणे, मग धावणे

हिवाळी सुटीत माझा मुलगा शाळेतून द्वारकेला घरी आला तो खिशात एक यादी घेऊनच. आमच्याकडे २०१२ सालची वॅगन-आर आहे. यादीत लिहिले होते : अलॉय चाके, दारात मोठे स्पीकर, काचांना काळी फिल्म, पुढे लोखंडी गार्ड आणि दणदणीत हॉर्न. "बाबा, पंधरा दिवसांत गाडीचा कायापालट करू," असे तो म्हणाला.

मी ई.एम.ई. कोअरमध्ये वीस वर्षे फौजी गाड्या दुरुस्त केल्या आहेत. यादी वाचून मी एवढेच विचारले, "यातल्या कुठल्या वस्तूने गाडी थांबते?" तो गप्प बसला. मग आम्ही नवी यादी केली. ती कशी केली आणि का, ते कॅडेट मित्रांना आणि पालकांना उपयोगी पडेल म्हणून येथे लिहीत आहे.

पान्याआधी कागद

जुन्या गाडीला हात लावण्यापूर्वी तिचे नोंदणीपत्र, म्हणजे आर.सी., उघडावे. दिल्ली परिसरात तर हे पहिलेच काम. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५ मधील आदेशांनुसार येथे १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्या रस्त्यावर आणण्यास बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती कायम केली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीच्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन न देण्याचा नियम लागू झाला, पण काही दिवसांतच तो थांबवावा लागला. पुढे १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरतेच ठेवले.

म्हणून आर.सी.वर दोन गोष्टी पाहाव्यात : पहिल्या नोंदणीची तारीख आणि प्रदूषण मानक. दिल्ली परिसरात बीएस-४ एप्रिल २०१० पासून लागू झाले. आमची गाडी बीएस-४ आहे आणि २०२७ मध्ये तिला १५ वर्षे पूर्ण होतील. त्यानंतर ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन ती साताऱ्याला न्यायची असे घरात ठरले आहे. एवढे कळल्यावर खर्चाची मर्यादाही आपोआप ठरली. शोभेवर पैसे घालायचे नाहीत. गाडी सुरक्षित चालेल एवढेच करायचे. आदेश बदलत असतात, म्हणून खर्च करण्याच्या आठवड्यात ताजा नियम परिवहन विभागाकडून समजून घ्यावा.

दुरुस्ती आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला पटवायला मी पहिल्या मारुतीची गोष्ट सांगितली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीचे हरपाल सिंग यांच्या हाती दिली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते. गुडगावच्या कारखान्यातली ती गाडी तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची होती. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ती त्यांच्याकडेच होती. नंतर ती घराबाहेर गंजत राहिली. पुढे कंपनीने ती पूर्ववत करून आपल्या मुख्यालयात मांडली. गाडी नव्यासारखी झाली, पण वयाच्या नियमामुळे दिल्लीच्या रस्त्यावर तिला जागा नाही. व्हिंटेज म्हणून नोंद व्हायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे व्हावी लागतात. म्हणजे त्या गाडीला २०३३ ची वाट पाहावी लागेल.

गाडी उचलताना

घरच्या दुरुस्तीत सर्वांत मोठा धोका पान्याचा नसून जॅकचा असतो. गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोके, हात किंवा पाय घालायचा नाही. सपाट, पक्की जमीन निवडावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. गाडी उचलली की हस्तपुस्तिकेत दाखवलेल्या जागी लोखंडी स्टँड लावून वजन त्यावर सोडावे आणि हाताने हलवून खात्री करावी. परत बसवताना नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत. ओळीने आवळले तर चाक वाकडे बसू शकते. आमच्या घरी नियम एकच होता : स्टँड लागल्याचे दोघांनी मोठ्याने सांगितल्याशिवाय काम सुरू होणार नाही.

ब्रेक

आमच्या गाडीचा ब्रेक-पेडल अलीकडे जरा खोल जात होता. एका गॅरेजमध्ये दोनदा ब्रेक-ऑइल भरून दिले गेले आणि "आता ठीक आहे" असे सांगितले गेले. येथेच थांबून विचार करायला हवा. ब्रेक-ऑइल पेट्रोलसारखे जळून संपत नाही. पातळी उतरण्याची कारणे दोनच : पॅड आणि लायनिंग झिजले की पातळी हळूहळू थोडी खाली येते, नाहीतर कुठेतरी गळती असते. वरून ऑइल भरले की लक्षण झाकले जाते, दोष तसाच राहतो.

मागचा डावा ड्रम उघडला तर लायनिंग ओली! चाकाजवळच्या व्हील सिलिंडरचे रबरी सील गेले होते. मुलाचा चेहरा उतरला, कारण हीच गाडी घेऊन त्याची आई रोज गुरुग्रामच्या एका शाळेत शिकवायला जाते. येताना-जाताना महामार्गावर ट्रकच्या मागे तिला पन्नास वेळा ब्रेक दाबावा लागतो.

शाळेत शिकलेले गणित येथे कामी आले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकला चौपट ऊर्जा पचवावी लागते, आणि ब्रेक तेवढ्याच ताकदीने लागले तर थांबायला चौपट अंतर लागते. दोन गाड्यांमधले अंतर मात्र कोणी चौपट ठेवत नाही.

आम्ही मागच्या दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनिंगचे जोड बदलले. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते. ड्रममधली धूळ फुंकायची नाही किंवा हवेने उडवायची नाही. ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक-ऑइल हवेतला ओलावा शोषते. ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते. वाफ दबते, पेडल मऊ लागतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून जुने ऑइल काढून झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच, सीलबंद डब्यातले ऑइल भरले. मग पाइपांत राहिलेली हवा काढायची होती. मुलगा आत बसून पेडल दाबून धरी, मी चाकाजवळची निपल उघडी, बुडबुडे संपेपर्यंत. "दाब… धर… सोड" हा आमचा दुपारभरचा शब्दोच्चार होता. शेजाऱ्यांना वाटले, आम्ही कवायत करतो आहोत.

एक गोष्ट कॅडेटनी लक्षात ठेवावी. ब्रेकचे काम जाणत्या माणसाशिवाय उघडू नये, आणि काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने घ्यावी.

टायर आणि रेडिएटर

टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. आमच्या दोन टायरांवर १२१६ होते. नक्षी भरपूर शिल्लक, पण कडेला बारीक भेगा. गाडी कमी चालली म्हणून टायर तरुण राहत नाही. दिल्लीचे ऊन त्याला उभ्याउभ्याच म्हातारा करते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बाद. आम्ही दोन टायर बदलले आणि स्टेपनीत हवा भरली. स्टेपनीची आठवण माणसाला फक्त रस्त्यावर होते.

रेडिएटरचे पाणी विटकरी रंगाचे झाले होते. कधीतरी कोणीतरी नळाचे पाणी भरले होते. जड पाण्याने आतल्या बारीक नळ्यांत, घरच्या गिझरमध्ये बसतो तसाच थर बसतो. जानेवारीत हे जाणवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि गाडी धौलाकुआँच्या कोंडीत अडकली की जाणवते. रेडिएटर हा एक प्रेशर कुकरच आहे. झाकणामुळे आत दाब राहतो, आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊन उकळते. म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. उकळता फवारा थेट तोंडावर येतो. आम्ही थंड इंजिनातून जुने पाणी काढले, दोनदा धुतले आणि हस्तपुस्तिकेतल्या प्रमाणात कूलंट व डिस्टिल्ड पाणी भरले. काढलेले कूलंट उघडे ठेवू नये. ते चवीला गोड पण विषारी असते; लहान मुले आणि कुत्री-मांजरे त्याला फसतात.

धुक्यासाठी दिवे

यंदा द्वारकेत सकाळी समोरची इमारत दिसत नव्हती. आमच्या हेडलाइटच्या प्लॅस्टिक काचा पिवळ्या पडल्या होत्या. बारीक पॉलिश-पेपर पाण्यात भिजवून आधी जरा जाड, मग अधिकाधिक बारीक असे घासले, शेवटी पॉलिश आणि संरक्षक थर दिला. नवा दिवा न घेता उजेड परत आला.

जास्त वॅटचा बल्ब लावण्याचा मोह मात्र टाळला. मूळ एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याहून मोठा लावला तर जास्त प्रवाह वाहतो. तारा आणि सॉकेट तापून वितळू शकतात. त्याऐवजी रिले बसवला. रिले म्हणजे संत्री. बटणाकडून आलेला छोटा प्रवाह त्याला फक्त हुकूम देतो, आणि दिव्याचा मोठा प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड तारेने थेट जातो. वाटेत व्होल्टेज कमी गळते, म्हणून तोच बल्ब जास्त प्रकाश देतो. नंतर भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्यांचा रोख खाली बसवला. धुक्यात हाय-बीम लावला तर थेंबांवरून प्रकाश उलटा डोळ्यांवर येतो, हेही मुलाने स्वतः लावून पाहिले.

पहिल्या यादीचे काय झाले?

निम्मी यादी कायद्यानेच खोडली. काचांवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्येच मनाई केली. पुढचे लोखंडी गार्ड डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने बंद केले. ते टकरीत पादचाऱ्याला जास्त इजा करतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितले. हॉर्न मूळचाच राहिला. अलॉय चाकांचे पैसे टायरांत गेले. स्पीकर उरले. दाराच्या मूळ भोकात बसतील असे, तार न कापता, फ्यूज लावून ते मुलाने स्वतः बसवले.

सुटे भाग आम्ही काश्मिरी गेटच्या बाजारातून आणले. तेथे एकाच भागाचे चार भाव ऐकायला मिळतात. पाकिटावरची छापील किंमत, भागाचा क्रमांक आणि पक्के बिल पाहूनच घ्यावे. आरसा किंवा दाराचा हँडल भंगारातून घेतला तर चालेल. ब्रेक आणि स्टिअरिंगचा भाग कधीही नाही.

एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत आणि एबीएसही नाही. नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग आणि एबीएस या गोष्टी २०१९ मध्ये सक्तीच्या झाल्या. त्या जुन्या गाडीत घरी बसवता येत नाहीत. दुरुस्तीने जुनी गाडी नवी होत नाही. ती फक्त मुळात जशी बनवली होती तशी होते. उरलेली कसर वेग कमी ठेवून, अंतर राखून आणि मागच्या सीटवरही पट्टा लावून भरून काढावी लागते.

वही

फौजेत चालक गाडीची रोज तीनदा पाहणी करतो : निघण्यापूर्वी फर्स्ट परेड, वाटेतल्या थांब्यावर हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड. आम्ही घरासाठी त्याचे छोटे रूप केले. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवली. दर रविवारी थंड इंजिनावर इंजिन-ऑइल, कूलंट आणि ब्रेक-ऑइलची पातळी, टायरची हवा, सगळे दिवे आणि गाडीखाली ओला डाग आहे का, एवढे पाहायचे. तारीख, किलोमीटर आणि काय केले, ते लिहायचे. ही वही असती तर ब्रेक-ऑइल दोन महिन्यांत दोनदा भरल्याचे एका पानावर दिसले असते, आणि आम्ही ड्रम तेव्हाच उघडला असता.

सुटी संपायच्या आदल्या दिवशी आईने गाडी चालवून पाहिली. परत आली आणि म्हणाली, "ब्रेक आता वरच लागतोय. आधी असा का नव्हता, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या तपासणाऱ्याने घरची गाडी तपासली नव्हती. मुलगा शाळेत परतला आहे. दर रविवारी फोनवर त्याचा पहिला प्रश्न असतो, "बाबा, वही भरली का?"